मुंबईची वारसा परवानगी : एका नागरी सेवेचे परीक्षण

मुंबईतील एखाद्या जुन्या इमारतीची गच्ची गळू लागली, सज्जाचा दगड सुटला किंवा लाकडी जिन्याच्या पायऱ्या कुजल्या, आणि ती इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर कामाला हात घालण्यापूर्वी मालकाला किंवा रहिवाशांना नेहमीच्या परवानगीखेरीज आणखी एक टप्पा पार करावा लागतो. प्रस्ताव महापालिकेकडे जातो, मुंबई वारसा संवर्धन समिती त्यावर मत देते आणि ते मत विचारात घेऊन महापालिका आयुक्त परवानगी देतात, अटी घालतात किंवा नकार देतात. ही व्यवस्था १९९५ पासून अमलात आहे. वास्तुरचनाकारांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्याला ती प्रत्यक्ष वापरावी लागते, त्याच्या बाजूने, एक नागरी सेवा म्हणून तिचे परीक्षण क्वचितच होते. ते येथे करत आहे.

गिरगावातील एका तीन मजली निवासी इमारतीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तयार होत असताना रहिवाशांच्या वतीने कागदपत्रे जमवण्याचे आणि वास्तुरचनाकारांशी बोलण्याचे काम माझ्याकडे होते. त्या निमित्ताने नियमावली वाचली, यादीतील इतर इमारतींचे काय झाले ते पाहिले आणि एक मत पक्के झाले. इमारतीचे मोल कशात आहे, हे या सेवेला उत्तम कळते आणि ते ती नेमकेपणाने सांगतेही. पण ते मोल टिकवण्याचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला ती हात घालत नाही. त्यामुळे ज्या इमारतीमागे पैसा आणि एकच खंबीर मालक आहे, तिच्यासाठी ही सेवा फार चांगली ठरते आणि ज्या इमारतीत भाडेकरू राहतात व मालक हतबल किंवा उदासीन आहे, तिथे ती केवळ थांबवण्याचे काम करते.

आधी तिच्या जमेच्या बाजूविषयी, कारण ती मोठी आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत फोर्ट, गिरगाव, मलबार हिल या भागांतील बंगले आणि व्यापारी इमारती झपाट्याने पाडल्या जात होत्या. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपुरता होता. जिथे माणसे राहतात, दुकाने चालतात, बँका आणि कचेऱ्या आहेत, अशा वापरातल्या इमारतींना संरक्षण देणारे काहीच नव्हते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, वारसा जतनासाठी काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या मुंबई शाखेने इमारतींची नोंद करण्याचे मोठे काम उचलले आणि अखेर राज्य शासनाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या आधाराने मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आणला. सहाशेहून अधिक नोंदींची यादी त्याला जोडलेली होती. देशातील इतर शहरांनी पुढे जे नियम केले, त्यांतील अनेकांनी याच नियमाचा आराखडा समोर ठेवला. आज हीच तरतूद विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ५२ व्या नियमाखाली आहे.

या नियमाचे मर्म त्याच्या श्रेणींमध्ये आहे, आणि परवानगीसाठी जाणाऱ्याने सर्वप्रथम आपली श्रेणी कोणती हे पाहावे. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांच्या बाहेरच्या किंवा आतल्या भागात, इमारत बळकट करण्यासाठी अगदी आवश्यक असल्याखेरीज, हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’ मध्ये आतील बदल आणि नवा वापर काटेकोर नियंत्रणाखाली शक्य असतो, तर ‘ब’ मध्ये त्याशिवाय त्याच भूखंडावर मूळ इमारतीला शोभेल अशी जोड देण्याचाही विचार होऊ शकतो. तिसरी श्रेणी आहे ती नगरदृश्याला महत्त्व देणाऱ्या इमारतींची. एकटी पाहिली तर साधी वाटणारी, पण रस्त्याचा चेहरा घडवणारी इमारत या श्रेणीत येते आणि तिच्यात बदलांना बरीच मोकळीक आहे. याखेरीज खोताची वाडी किंवा बाणगंगा यांसारखे संपूर्ण परिसर यादीत आहेत. परिसर यादीत असणे म्हणजे त्यातील प्रत्येक घराला स्वतंत्रपणे तितकेच संरक्षण असणे नव्हे, हे अनेक रहिवाशांना पाडकामाची नोटीस लागेपर्यंत ठाऊक नसते. परिसरातील आणि तिसऱ्या श्रेणीतील पुनर्विकासाला नियमांमधील नंतरच्या दुरुस्त्यांनी आणखी सवलती दिल्या आहेत. वारसा नियम सर्वांत सैल तिथे आहे, जिथे सामान्य माणसांची घरे सर्वांत दाट आहेत.

आता प्रत्यक्ष प्रस्तावाकडे येतो. त्यासाठी इमारतीचे आहे त्या स्थितीतील मोजमापासह नकाशे, प्रत्येक दर्शनी भागाची छायाचित्रे, इमारतीचा थोडक्यात इतिहास, संरचना अभियंत्याचा अहवाल आणि कोणते काम कोणत्या साहित्याने करणार याचा तपशील जोडावा लागतो. हे सर्व तयार करताना पहिला आठवडा कटकटीचा वाटतो आणि नंतर लक्षात येते की, इमारतीविषयी इतके नीट कोणी कधी लिहूनच ठेवलेले नव्हते. कोणता खांब बर्मा सागाचा आहे, कोणती तुळई पुढे कधीतरी बदलून लोखंडी घातली, पावसाळी पन्हळ कुठून कुठे जाते, पोटमाळा मूळचा की नंतरचा, हे सर्व पहिल्यांदाच एका जागी आले. इमारतीचे पुढे काहीही होवो, हा दस्तऐवज तिला कायमचा लाभतो. या सेवेचा हा सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे आणि केवळ त्यासाठीही मी तिला चांगले गुण देईन.

आमच्या प्रस्तावावर आलेल्या सूचना वाजवी होत्या. रस्त्याकडील लाकडी कठडे काढून त्यांच्या जागी लोखंडी जाळी बसवू नये, वातानुकूलन यंत्रे आणि नव्या नळजोडण्या मागच्या बाजूला न्याव्यात, बाहेरच्या भिंतीला सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करावा आणि खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या करू नयेत, असा त्यांचा आशय होता. यांपैकी एकही सूचना रहिवाशांच्या सोयीच्या आड येणारी नव्हती.

चुन्याविषयीची सूचना विशेष मोलाची होती आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जुन्या इमारतींचे सर्वाधिक नुकसान याच अज्ञानातून होते. मुंबईच्या जुन्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात त्या पाणी ओढून घेतात आणि कोरड्या दिवसांत ते बाष्परूपाने बाहेर टाकतात. चुना सच्छिद्र असल्यामुळे ही ये-जा होऊ शकते. त्याच भिंतीवर सिमेंटचा कठीण थर चढवला की ओल आत कोंडते, क्षार साठतात, वीट भुगा होऊ लागते आणि भिंतीत घुसलेल्या लाकडी तुळयांची टोके नजरेआड कुजतात. आमच्या इमारतीत पूर्वी एका कंत्राटदाराने जिन्याच्या भिंतीला नेमके असेच सिमेंट लावले होते. वरून भिंत गुळगुळीत दिसत होती. गिलावा काढल्यावर आतल्या तुळईचे टोक हाताने खरवडता येईल इतके मऊ झालेले आढळले. ‘चुना आता कोण करतो, सिमेंट पक्के असते’ हे वाक्य शहरातील प्रत्येक जुन्या चाळीत ऐकू येते. त्या समजुतीला अधिकृत कागदावर विरोध नोंदवणारी यंत्रणा असणे, ही लहान गोष्ट नाही.

मात्र याच ठिकाणी सेवेची मर्यादाही दिसते. चुन्याचा गिलावा करा असे सांगितले जाते; तो कोणाकडून करून घ्यायचा, हे सांगितले जात नाही. कळीचा चुना नीट विरवून मुरू देणारे, त्यात योग्य प्रमाणात वाळू आणि विटांची भुकटी घालणारे गवंडी आज थोडे आहेत आणि ते मोठ्या संवर्धन प्रकल्पांवर गुंतलेले असतात. लहान इमारतीच्या वाट्याला जो कंत्राटदार येतो, तो अटीपुरते चुन्याचे नाव घेतो आणि मिश्रणात सिमेंट घालतो. ते तपासण्यासाठी परवानगीनंतर ठरावीक टप्प्यांवर जाणकार व्यक्ती जागेवर येईल, अशी सोय हवी. परवानगी देतानाच प्रशिक्षित कारागिरांची नामिका आणि खिडकी, कठडा, गिलावा, पन्हळ यांचे नमुना तपशील मराठीतून हातात ठेवले, तर निम्म्या अटी सक्ती न करताच पाळल्या जातील.

या व्यवस्थेच्या छायेत जी कामे उत्तम झाली, ती पाहिली की तिची ताकद कळते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि पुढे ते पार दुर्लक्षित अवस्थेला पोहोचले होते. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्यातून, संवर्धन-वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला. १९९३ पासून बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस आभा नारायण लांबा यांच्या कामानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटन, काळा घोड्याजवळचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, भायखळा रेल्वे स्थानक ही आणखी काही उदाहरणे. भायखळा स्थानकाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. लोकलच्या गर्दीत रोज वापरली जाणारी वास्तूही तिचा वापर एक दिवस न थांबवता पूर्वरूपात आणता येते, हे तिथे सिद्ध झाले.

या यादीकडे नीट पाहावे. प्रत्येक ठिकाणी मालकी एकाच हातात आहे, मग ती महापालिका असो, विद्यापीठ असो, रेल्वे असो, धार्मिक विश्वस्त संस्था असो किंवा एखादे राजघराणे. प्रत्येक ठिकाणी सार्वजनिक निधी किंवा उद्योगसमूहाचे साहाय्य आहे. एकाही ठिकाणी चाळीस भाडेकरूंची संमती मिळवावी लागलेली नाही.

याच्या उलट टोकाला एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून काळा घोड्याजवळ ते उभारण्यात आले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा भारतातील पहिला खेळ इथेच झाला. ‘दोन अ’ श्रेणीत त्याची नोंद आहे. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळून जीवितहानी झाली. पुढच्याच वर्षीच्या, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या जगातील धोक्यात असलेल्या शंभर स्थळांच्या यादीत ते होते. म्हणजे स्थानिक श्रेणी होती, आंतरराष्ट्रीय लक्ष होते, अभ्यासकांची तळमळ होती. आणि तरीही इमारत ढासळत राहिली आणि २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर आतील लोकांना ती रिकामी करावी लागली. वारसा नियमाने ती पाडू दिली नाही, हे त्याचे श्रेय. ती दुरुस्त मात्र त्याला करवून घेता आली नाही.

असे का होते, याचे उत्तर वारसा नियमापेक्षा भाडे नियंत्रणाच्या इतिहासात अधिक सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ रक्कमच इतकी तोकडी की त्या वाढीतून एका मजल्याचा गिलावाही निघत नाही. मालकाला इमारत ओझे वाटते. पागडी भरून आलेल्या भाडेकरूला ती आपली वाटते, परंतु कायद्याने ती त्याची नसते, म्हणून तोही खिशात हात घालायला कचरतो. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन केले, तेव्हा शहरातील उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांच्या दुरुस्तीला मिळणारा निधी इमारत उभी ठेवण्यापुरता असतो. टेकू लावणे, लोखंडी तुळई सरकवणे आणि सिमेंट थापणे यापलीकडे तो क्वचितच जातो. वारसा इमारतीसाठी वेगळी कार्यपद्धती आणि वेगळा दर या मंडळाने लावावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता वारसा नियमातील एक कलम पाहा. वारसा इमारतीची नियमित दुरुस्ती आणि देखभाल करणे हे तिच्या मालकाचे कर्तव्य आहे, आणि शासनाच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या इमारती सोडल्या तर त्या खर्चाची जबाबदारी शासनावर किंवा महापालिकेवर नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संपूर्ण व्यवस्थेचा दुबळा सांधा हा आहे. ज्या मालकाला महिन्याचे भाडे शेकड्यांत मिळते, त्याने बर्मा सागाच्या चौकटी आणि कोरीव कंस सांभाळावेत, असे नियम सांगतो. सार्वजनिक हितासाठी एखाद्या व्यक्तीवर बंधन घालायचे असेल, तर त्या हिताच्या खर्चाचा काही भाग समाजाने उचलला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वारसा हा सर्वांचा असेल, तर त्याचे बिलही एकट्याच्या नावावर निघू नये.

नियमाने भरपाईचे दोन मार्ग ठेवले आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. पहिला हस्तांतरणीय विकास हक्काचा, ज्याला सगळे टीडीआर म्हणून ओळखतात: वारसा बंधनामुळे जे चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचे अनुज्ञेय क्षेत्रफळ, मालकाला आपल्या भूखंडावर वापरता येत नाही, त्याचे प्रमाणपत्र घेऊन ते दुसरीकडे विकता येते. दुसरा वापर-बदलाचा: इमारत आहे तशी जपण्याची हमी मालकाने दिली, तर निवासी जागेत कचेरी, दुकान किंवा हॉटेल चालवण्यास समितीच्या संमतीने मुभा मिळू शकते. दोन्ही कल्पना चांगल्या आहेत आणि मोकळी जागा किंवा रिकामी इमारत असलेल्या मालकाला त्या उपयोगीही पडतात. परंतु भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीत वापर कोणाचा बदलणार? आणि टीडीआरसाठी शासनाची मंजुरी लागते, त्याचा भाव बांधकाम बाजाराबरोबर चढतो-उतरतो, शिवाय मिळालेली रक्कम त्याच इमारतीवर खर्च होते की नाही, हे रहिवाशाला कळण्याचा सोपा मार्ग नसतो.

त्याच रहिवाशासमोर दुसरीकडे पुनर्विकासाचा प्रस्ताव असतो. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला नियमावलीतील ३३ (७) खाली किमान ३ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळतो आणि भाडेकरूला त्यातून मालकीचे, स्वतंत्र स्वच्छतागृह असलेले, उद्वाहनाच्या इमारतीतील घर विनामूल्य मिळते. साठ वर्षांच्या गृहिणीला रोज तीन जिने चढून सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे असेल, तर तिने कोरीव कठड्यासाठी त्या घरावर पाणी सोडावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? २०१२ मध्ये नऊशेहून अधिक नव्या नोंदींची प्रस्तावित यादी जाहीर झाली आणि तिच्यात शिवाजी पार्क, दादर-माटुंग्याच्या वसाहती असे परिसर आले, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्या विरोधाला त्या वेळी ‘बिल्डरधार्जिणा’ असे नाव ठेवले गेले. ते अन्यायाचे होते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या या वसाहती, त्यांचे रुंद रस्ते, झाडे आणि ठरावीक उंचीच्या इमारती जपण्याजोग्या आहेत, याबद्दल तिथे राहणाऱ्यांना शंका नव्हती. यादीत नाव आले की दुरुस्ती अवघड होईल, घराची किंमत अडकेल आणि बदल्यात काहीच मिळणार नाही, ही त्यांची भीती होती, आणि तिला खोडून काढणारे उत्तर या सेवेकडे तेव्हा नव्हते.

उत्तर असते, तर काय घडू शकते हे ओव्हल मैदानाभोवती दिसते. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ अशा व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू आणि दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती, तशाच पुढे मरीन ड्राइव्हवरच्या, अशा ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यासाठी परिसरातील नागरिक संघटनांनी वर्षानुवर्षे स्वतः पुढाकार घेतला होता. तिथले रहिवासी तुलनेने संपन्न आहेत, घरे प्रशस्त आहेत आणि यादीत असण्याने त्यांची प्रतिष्ठा व किंमत दोन्ही टिकतात, हा फरक मान्य करायलाच हवा. परंतु ‘आर्ट डेको मुंबई’ सारख्या संस्थेने इमारतीगणिक नोंदी करून, वक्राकार सज्जे, जहाजासारखे कठडे आणि उंच अक्षरांतील इमारतींची नावे यांकडे पाहायला लोकांना शिकवले, त्याचाही त्यात वाटा आहे. या इमारतींचा आजार वेगळा आहे. त्या काँक्रीटच्या आहेत. खारी हवा आत शिरून सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. तिथे चुन्याचे ज्ञान पुरत नाही. समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावांमध्ये यापुढे अशा इमारतींचे प्रमाण वाढत जाणार, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका आताच तयार व्हायला हवी.

पारदर्शकतेबाबत माझा शेरा मध्यम आहे. समिती सल्लागार स्वरूपाची आहे आणि अंतिम अधिकार आयुक्तांचा आहे. अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, आयुक्त समितीचे मत बाजूला ठेवू शकतात आणि हा अधिकार ते दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाहीत, अशी मूळ ६७ व्या नियमाची रचना होती. रचना समंजस आहे. मात्र ती लेखी कारणे नागरिकाला सहज वाचता आली तरच तिचा उपयोग. यादीत भर घालताना जाहीर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, पण एखाद्या विशिष्ट इमारतीच्या प्रस्तावावर शेजाऱ्याला बोलता येईल अशी ठरलेली जाहीर सुनावणी नाही. न्यूयॉर्क शहरात पेन्सिल्व्हानिया स्थानक पाडले गेल्यानंतर १९६५ मध्ये जो कायदा झाला, त्यानुसार तिथल्या आयोगापुढे मोठ्या बदलांची सुनावणी खुली असते. नकाशे आधी पाहता येतात आणि कोणीही नागरिक उभा राहून मत मांडू शकतो. किरकोळ कामे कर्मचारी स्तरावरच मार्गी लागतात, त्यामुळे आयोगाचा वेळ वाचतो. या दोन्ही गोष्टी मुंबईला अजिबात परक्या वाटू नयेत. प्रभाग समित्यांची सवय असलेल्या शहरात खोताची वाडीच्या प्रस्तावावर खोताची वाडीतल्या माणसाला बोलता आले पाहिजे. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसलेल्या त्या वाडीत पूर्वी ६५ च्या आसपास घरे होती, आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत, आणि प्रत्येक घर गेले तेव्हा शेजाऱ्यांना ते पत्रे लागल्यावरच समजले.

पुण्यातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे, कारण तिथे दोन वेगळ्या व्यवस्थांची सरमिसळ होते. कसबा किंवा शनिवार पेठेत शनिवारवाड्याजवळ घराची पुनर्बांधणी अडते, ती महापालिकेच्या वारसा यादीमुळे नव्हे. केंद्रीय स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, आणि तिथे परवानगी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मार्गाने जाते. विश्रामबागवाड्यासारखी पालिकेच्या ताब्यातील वास्तू किंवा एखादा खासगी वाडा श्रेणीबद्ध असणे, हा वेगळा विषय आहे. दोहोंचा राग एकाच ‘हेरिटेज’ या शब्दावर निघतो आणि त्यात स्थानिक यादीचे, जी खरे तर बरीच लवचिक आहे, विनाकारण नुकसान होते.

गुण द्यायचे झाल्यास, इमारतीची पारख आणि तांत्रिक सल्ला यांसाठी मी पाचपैकी चार देईन. रहिवाशांना माहिती देण्यासाठी दोन. आणि आर्थिक आधारासाठी एक, तोही टीडीआरची कल्पना मुळात योग्य आहे म्हणून. मालमत्ता करात सूट, उपकरातून वारसा दुरुस्तीसाठी राखीव वाटा आणि जुन्याच इमारतीत स्वतंत्र स्वच्छतागृहे व उद्वाहन कसे बसवावे याचे मंजूर नमुने, या तीन गोष्टी झाल्या तर शेवटचा आकडा झपाट्याने बदलेल. मागील बाजूस स्वच्छतागृहांचा नवा मनोरा जोडून दर्शनी भाग जसाच्या तसा ठेवणे हे अवघड तंत्र नाही, आणि तिसऱ्या श्रेणीत त्याला नियमही आडवा येत नाही.

ज्यांना या वर्षी प्रस्ताव द्यायचा आहे, त्यांनी पावसाळ्यातच सुरुवात करावी. गळती कुठे आहे, पाणी कोणत्या भिंतीतून उतरते, हे जून ते सप्टेंबर या काळातच खरे दिसते आणि त्याच वेळी काढलेली छायाचित्रे प्रस्तावात सर्वाधिक बोलतात. संरचना अभियंता निवडताना त्याने पूर्वी चुन्यातील बांधकाम आणि लाकडी सांगाडा हाताळला आहे का, हे विचारावे; नुसत्या काँक्रीटचा अनुभव असणारा माणूस अशा इमारतीला लगेच ‘धोकादायक’ ठरवतो. भाडेकरूंची बैठक नकाशे तयार होण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे. कागद गणेशोत्सवाच्या सुमारास दाखल झाले, तर दिवाळीनंतर परांची बांधून गिलाव्याचे काम हाती घेता येण्याची शक्यता असते. चुन्याला सावकाश सुकायला वेळ लागतो, त्याला कडक ऊन आणि धो धो पाऊस दोन्ही सोसत नाहीत. म्हणून बाहेरच्या भिंती मार्चपूर्वी संपवाव्यात आणि आतील लाकूडकाम उन्हाळ्यासाठी ठेवावे.